पहिली दोरी

बारा वाजायला आले होते. रामजन्माच्या कीर्तनात निगुडकरबुवा चिपळ्यांच्या तालावर दशरथाची घालमेल गात होते. गौराक्का मात्र देवळाच्या पायऱ्यांखाली उन्हात बसली होती. सुतक होतं तिला.

तिचा मुलगा हिंदुराव सरकारी खजिने लुटून चळवळ चालवायचा. तो गोळी लागून कृष्णेच्या डोहात पडला, मगरींनी काही ठेवलं नाही, असं सांगून हवालदार त्याची रक्तानं माखलेली बंडी दारात टाकून गेला होता. त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. हवालदाराचा मुक्काम अजून गावातच होता. हिंदुरावाचे साथीदार तिला भेटायला येतील म्हणून तो सावलीसारखा मागे लागलेला. त्या धाकानं शेजारणीही तिच्याशी बोलत नव्हत्या.

"मावशी, घरला जावा. ऊन लागंल," हवालदार खांबाला टेकून म्हणाला.

"का? रामाचं नाव ऐकायला बी सरकारची परवानगी लागती व्हय?"

इतक्यात जन्म झाला. शंख वाजला, गुलाल उधळला, आणि बायका पाळण्याकडे धावल्या. बुवांनी हात वर केला.

"थांबा. पहिली दोरी गौराक्का ओढेल."

पाळण्याकडे धावलेल्या बायका जागीच थबकल्या. सख्खा भाऊ गेला तेव्हा हेच बुवा दहा दिवस स्वतःच्या देव्हाऱ्याकडे फिरकले नव्हते. कुणाकडे सुतक आहे म्हटलं की त्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत.

"बुवा," पुजारी चाचरत म्हणाला, "तिला सुतक..."

"आता बुवाच धर्म बुडवाया लागले!" हवालदार हसला.

"हवालदार, चोर तुम्ही सांभाळा. सोवळं मी सांभाळतो." बुवा जागचे हलले नाहीत. "नारदाच्या गादीवर उभा आहे. इथं उभं राहून खोटं बोलत नाही, खोटं वागतही नाही. या आक्का, वर या."

गौराक्का उठली. पायऱ्या चढताना तिला आठवलं, बुवांचं कालचं कीर्तन नदीपलीकडे होतं, डोंगरातल्या वाडीवर. सुतक असतं तर या माणसानं तिला उंबराही ओलांडू दिला नसता. म्हणजे सुतक नव्हतंच.

तिनं बुवांच्या तोंडाकडे पाहिलं. बुवांनी नुसती मान हलवली, आणि रेशमी दोरी तिच्या हातात दिली.

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. बांध फुटावा तसं. सारं देऊळ गलबललं.

हवालदाराचाही आवाज मऊ झाला. "रडा मावशी, रडा. किती दिस पोटात ठेवणार? जाणारा गेला."

"व्हय रं बाबा," गौराक्का हुंदक्यांतून म्हणाली, "गेला. लई लांब गेला." आणि ती पाळणा हलवत राहिली.