काम चालू आहे

टेबलावर दोन कीबोर्ड होते, एक माउस, तीन चार्जर आणि एक लॅपटॉप. दोनपैकी एक कीबोर्ड चालत नव्हता. लॅपटॉप मात्र रसायनशास्त्राच्या बाईंनी एकदाही बंद होऊ दिला नव्हता. त्याचा पासवर्ड फक्त मुलाला ठाऊक होता, आणि मुलगा हिवाळ्यात अपघातात गेला होता.

शाळेतून आल्या की बाई थेट या खोलीत येत. आज पडद्यावर नवा निरोप होता.

'काय रे, तक्त्यांचं काम कुठवर आलं? राग नाही, नुसती विचारपूस. – शेजारी'

बाईंनी एका बोटाने टाइप केलं, 'काम चालू आहे.'

लगेच उत्तर आलं. 'छान. घाई नको. पुन्हा डोकावतो.'

'तू जेवलास का?' बाईंनी विचारलं. याला उत्तर आलं नाही. शेजारी हे टोपणनाव घेतलेला हा मुलगा कामापुरतंच बोलायचा.

"आई, पुन्हा?" दारात मुलगी उभी होती. "दादाच्या नावाने थापा मारतेयस तू."

"थाप कसली त्यात? चालू आहे म्हटलं. संपलंय असं कुठे म्हटलं?"

"वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं तर?"

प्रयोगवहीत खोटं रीडिंग लिहिणाऱ्याचं पान बाई भर वर्गात फाडत. त्यासाठी त्या प्रसिद्धच होत्या.

मुलगा ज्यावर काम करायचा तो छापलेलं पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम होता, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. फुकट, कोणा एकाच्या मालकीचा नसलेला. ठिकठिकाणचे लोक मोकळ्या वेळात त्यात भर घालत. साध्या ओळी तो नीट वाचायचा, पण तक्ता आला की आकड्यांची खिचडी करायचा. ते दुरुस्त करण्याचं काम मुलाने स्वतः मागून घेतलं होतं.

सहभागी होणाऱ्यांसाठीचे नियम बाईंनी दोनदा वाचले होते. घेतलेलं काम जमत नसेल तर तसं कळवा, लाजू नका. विचारणेला तीनदा उत्तर आलं नाही, तर काम तुमच्या नावावरून काढून दुसऱ्याला दिलं जाईल.

म्हणून बाई उत्तर देत. त्या कामापुढे मुलाचं नाव होतं आणि शेजारी त्याची चौकशी करत होता. बाकी सगळ्यांनी चौकशी करणं थांबवलं होतं.

"चांगला मुलगा आहे गं हा शेजारी," बाई म्हणाल्या. "मागे काय लिहिलं होतं त्याने? 'अडलं असेल तर सांग, तोंड लपवून बसू नकोस.' आईने वळण लावलेलं दिसतं. नाहीतर हल्ली कोण कोणाला असं विचारतं?"

"आणि त्या वळणाच्या मुलाला तू फसवतेयस." मुलीने पुढे होऊन पान खाली सरकवलं. "हे वाचलंस?"

खाली कोणा विद्यार्थ्याने लिहिलं होतं, 'या कामावर कोणी आहे का? मला दिसत नाही. आवर्तसारणी ऐकायला गेलो की सगळी मूलद्रव्यं एकमेकांत मिसळतात. परीक्षा तोंडावर आलीये.'

त्याखाली दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, 'मी लगेच केलं असतं, पण ज्याने घेतलंय तो काम चालू आहे म्हणतोय. नियमाप्रमाणे मला थांबायला हवं.'

आवर्तसारणी शिकवण्यातच बाईंची अख्खी नोकरी गेली होती. त्यांनी दोन्ही मजकूर पुन्हा वाचले. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मी त्याची आई. तो हिवाळ्यात गेला. तेव्हापासूनची उत्तरं माझी होती आणि सगळी खोटी होती. हे काम सोडत आहे. क्षमा असावी.'

"दादाचं नाव निघेल," मुलगी हळूच म्हणाली.

"निघू दे."

दुसऱ्या दिवशी प्रकल्पाच्या प्रमुखाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला तिथे सगळे कप्तान म्हणत. हा कप्तान जेमतेम तिशीचा होता आणि मान वर करत नव्हता.

"काकू, आम्हाला खरंच कळलं नाही हो. इथे आम्ही एकमेकांना लिहिण्यातूनच ओळखतो. माणूस गेला आणि आम्ही त्याच्यामागे कामाचा तगादा लावून बसलो. तोंड दाखवायला लाज वाटतेय."

"लाज मला वाटायला हवी. त्या पोराची परीक्षा…"

"काम दुसऱ्याने घेतलं, काकू. सुरूही केलं."

"बरं झालं. आता मला जरा त्या शेजाऱ्याशी बोलू दे. दरवेळी खोटं सांगितलं त्याला. तोंडावर माफी मागायचीय."

कप्तानने कानशील खाजवलं. "काकू, शेजारी माणूस नाहीये. तोही एक प्रोग्रामच आहे. रखडलेली कामं शोधतो आणि ठरलेल्या वाक्यांतलं एखादं पाठवून देतो."

मुलीने तोंडावर हात ठेवला.

"मी त्याला जेवलास का म्हणून विचारत होते," बाई म्हणाल्या.

"त्याला सगळेच फसतात. मी नवीन असताना त्याला घरी चहाला बोलावलं होतं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वर्गातल्या आवाजात विचारलं, "पण ती वाक्यं तर माणसानेच लिहिली असतील ना? मग त्याची माफी मागते. कोण तो?"

"ते नाही सांगता येणार. शेजारी माझ्या आधीपासून आहे. पण थांबा, कुठली ओळ कोणी लिहिली ते इथे दिसतं."

त्याने फाईल उघडली. ती बाईंच्याही पडद्यावर आली. उजवीकडे ओळी आणि प्रत्येक ओळीच्या डावीकडे लिहिणाऱ्याचं नाव. बाईंनी चष्मा पुसून चढवला आणि वरपासून खालपर्यंत फाईल तपासली.

एकूण ओळी एकशे चौऱ्याऐंशी. त्यांच्या मुलाने लिहिलेल्या, एकशे चौऱ्याऐंशी.