बाबांचा बर्फावरचा तंबू

सहा महिन्यांपूर्वी जॉबसाठी कॅनडाला गेलेल्या बाबांनी गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायचा तंबू घेतला, आणि तो कसा लावायचा हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. दुबईत करामाच्या फ्लॅटमध्ये फुल एसीत बसून मी चार व्हिडिओ पाहिले आणि व्हिडिओ कॉलवर डायरेक्ट एक्स्पर्ट झाले.

"बाबा, आधी वाऱ्याच्या बाजूचे स्क्रू बर्फात घट्ट फिरवा. यल्ला, चला, आता तंबूच्या झालरीवर बर्फ लोटा, म्हणजे खालून वारा येणार नाही. आणि हीटर लावला तर वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या, नाहीतर आत गॅस कोंडतो."

"हीटर सलग किती तास चालतो गं?"

"मासे पकडायला दोन तास खूप झाले, बाबा."

किचनमधून आई म्हणाली, "मजा आहे बुवा एका माणसाची. त्यांना सांग, आज मी फ्लॅट सोडायची नोटीस दिली. तुझ्या टीसीचा अर्जही केलाय." मी तर अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं, की मार्चमध्ये आम्ही कॅनडात बाबांनी घेतलेल्या टू बेडरूममध्ये राहायला जातोय.

तंबू मस्त टाइट उभा राहिला. मी शेवटची स्टेप सांगितली, "आता मधोमध बर्फाला भोक पाडा, गळ टाकायला."

बाबा हळू आवाजात म्हणाले, "भोक नको गं वैभू. रात्री झोपेत पाय जायचा त्यात."