तोफेचं दावं

"ही मोठी झाल्यावर केवढी होईल हो?" आमच्या घोडीकडे बघून लोक विचारायचे. घोडी माझ्या कमरेएवढी. नाव मात्र आम्ही तोफ ठेवलेलं. तिच्या पाचव्या बाळंतपणानंतरही एकाने हेच विचारलं, तेव्हा मी "डॉक्टरांना विचारून सांगतो" म्हणालो.

तिची सहा शिंगरं चांगल्या घरी गेली. जनावर द्यावं, दावं देऊ नये, नाहीतर गोठ्याची बरकत जाते, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचो. सहाही दावी खुंटीवर राहिली. तोफ रोज संध्याकाळी ती एकेक करून हुंगायची, हजेरी घेतल्यासारखी. गैरहजेरीबद्दल तिने कधी तक्रार केली नाही.

सोमवारी तोफ गेली. सातवं शिंगरू चाऱ्याला तोंड लावेना. एकटं ठेवलं असतं तर तेही गेलं असतं, म्हणून भोरच्या शिर्केबाईंना फोन केला. त्याचा थोरला भाऊ त्यांच्याकडेच होता. टेम्पो आला. शिंगराने दारात चारही पाय रोवले. गूळ दाखवून झाला, ढकलून झालं, माझं भाषणही झालं.

शेवटी मी तोफेचं दावं काढून त्याच्या गळ्यात घातलं. त्याने ते हुंगलं आणि मुकाट्याने फळीवरून टेम्पोत चढलं.

"दावं दिलंत?" बायको म्हणाली. "आता बरकत जाईल ना!"

"ती सोमवारीच गेली," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी हजेरी मी घेतली.