अस्सल आजी

आगगाडीने युरोप पालथा घालणाऱ्यांना हल्ली हॉटेल नको असतं, अस्सल लिस्बनकराचं घर हवं असतं. म्हणून नव्या मालकाने, दुआर्तने, ज्या घरातून ग्रासियेतबाईंना हाकललं, त्याच घरात त्यांना 'स्थानिक आजी' म्हणून नोकरीला ठेवलं. बाई रोज लांबच्या उपनगरातून यायच्या, स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुण्यांना मासे रांधून वाढायच्या आणि दुआर्तने लिहून दिलेलं बोलायच्या, "नवरा कोळी होता हो, वादळात गेला." पाहुणे डोळे पुसायचे. नवरा खरं तर ट्राम चालवायचा, मधुमेहाने गेला.

"पाचच्या पाच तारे पडले पाहिजेत, मावशी," दुआर्तने बजावलं होतं. "एक जरी कमी झाला, तर या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

एके दुपारी वाढता वाढता बाईंचा तोल सुटला. "कसला कोळी नि कसलं वादळ! याच खोलीत जन्मले मी. तुमची झोपायची सोय व्हावी म्हणून मला सामानासकट रस्त्यावर काढलं!"

पाहुणे पोटभर जेवले आणि स्टेशनवर गेले. गाडीतूनच त्यांनी अभिप्राय धाडला. चार तारे.

"घर अस्सल, मासे अस्सल. म्हातारी तेवढी पाठ केलेलं बोलते."