राजाचे की पार्लमेंटचे?

"राजाचे की पार्लमेंटचे?"

फाटकावरच्या माणसाने भाला आडवा धरला होता. डोक्यावर लोखंडी टोप, अंगात चामड्याचा अंगरखा, नाकावर सनक्रीमचा पांढरा पट्टा.

"पार्लमेंटचे," बाबांनी ठणकावून सांगितलं. नागपूरहून लेकीकडे ब्रिस्टलला आल्यापासून ते असं काही कोणी विचारण्याची वाटच बघत होते. त्यांच्या शर्टाला नारिंगी फीत लागली. त्यांना चिडवायला म्हणून स्वरालीने राजाची लाल फीत घेतली.

मग इद्रिसची पाळी आली. त्याने खिशातले दोन्ही हात बाहेर काढले आणि तळवे समोर दिसतील असे धरले.

"तुमचाच," तो म्हणाला.

भालेवाला खो खो हसला. "हुशार आहेस! मी पार्लमेंटवाला." त्याने इद्रिसलाही नारिंगी फीत लावली आणि भाला उचलला. इद्रिसचे हात खाली यायला मात्र वेळ लागला.

आपण त्याला कुठे आणलंय, हे स्वरालीला कळलं ते तेव्हा. ती आणि इद्रिस एकाच लॅबमध्ये कामाला होते. विमानाच्या पंखांचे तुकडे मोडेपर्यंत ताणून बघायचे. इद्रिसची आई सुदानमधलं युद्धात सापडलेलं शहर सोडून ट्रकने पोर्ट सुदानकडे निघाली होती. वाटेत लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या चौक्या, आणि परवापासून फोन नाही. तो मशीनकडे कमी आणि मोबाइलकडेच जास्त बघत होता. म्हणून तीच म्हणाली होती, रविवारी आमच्याबरोबर चल, उघड्यावर जरा बरं वाटेल. पोस्टरवर 'इतिहासाचा दिवस' असं होतं. खाली 'सहकुटुंब या'. इंग्लंडच्या यादवी युद्धाची नक्कल आहे हेही होतं. तिने ते वाचलंही होतं.

"अगं शहाणे," बाबा मराठीत कुजबुजले, "ज्याचं घर जळतंय त्याला होळी दाखवायला आणलंस?"

"पावणेचारशे वर्षांपूर्वीचं आहे हो ते, बाबा."

"त्याचं नाहीये ना पण!"

ती इद्रिसकडे वळली. "आपण जाऊ या का परत?"

"नको," तो म्हणाला. "मला बघायचंय, संपतं कसं ते."

मैदानाच्या कडेला तंबू होते. एका तंबूत जाड सुती टोपी घातलेली बाई मोठ्या भांड्यात सातूची पेज ढवळत होती. ती गावकरीण झाली होती. "आधी राजाचे आले," ती सांगत होती, "त्यांनी कोंबड्या नेल्या. मग पार्लमेंटचे आले. त्यांनी गाय नेली, पण पावती दिली."

"आमच्याकडे अजून पावतीपर्यंत प्रगती झाली नाहीये," इद्रिस म्हणाला. बाई हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली आणि तिने त्याला वाटीभर पेज दिली.

"पण शेवटी जिंकलं कोण?" बाबांनी तिला विचारलं.

"पार्लमेंट. राजाचं डोकंच उडवलं."

"बघ!" बाबांनी स्वरालीला आपली फीत दाखवली.

"आणि अकरा वर्षांनी त्याच्या मुलाला बोलावून राजा केलं," बाई म्हणाली.

बाबा विचारात पडले. "मग माझी कोंबडी गेली कशाला?"

त्या दिवशी पहिल्यांदाच इद्रिस हसला.

लढाई जेवणानंतर सुरू झाली. ढोल वाजले, भाले एकमेकांत अडकले, माणसं जागा बघून, गुडघे सांभाळून मरू लागली. मुलं दोराच्या अलीकडून ओरडत होती. तेवढ्यात इद्रिसचा फोन वाजला. अनोळखी नंबर. एका कानात बोट घालून तो गर्दीतून बाजूला झाला, आणि थोड्या वेळाने त्याने लांबूनच हात वर केला.

"पोचली! पोर्ट सुदानला पोचली!"

बाबांनी काहीच न सांगता जवळच्या एका अनोळखी इंग्रजाशी हस्तांदोलन केलं.

मैदानाच्या टोकाला पांढरा धूर उठला. सवयीने स्वरालीने मनात आकडे मोजायला घेतले. प्रकाश आणि आवाज यांच्यात किती अंतर, ते. दोन म्हणेपर्यंत तोफेचा आवाज पोटात बसला. तिने इद्रिसकडे पाहिलं. तो भरभर बोलत होता, हसत होता, मान हलवत होता, मैदानाकडे हात करत होता, जणू फोनमधून ते दिसणार होतं.

दुसरी तोफ उडाली. त्याचं बोलणं थांबलं. तो आधी गुडघ्यांवर बसला, मग फोन कानाला तसाच धरून गवतात पालथा झाला.

स्वराली धावली. "इद्रिस! काय झालं?"

"तिने तोफ ऐकली."

"मग सांग ना तिला, खोटी आहे म्हणून."

"सांगितलं. ती म्हणते, पहिल्या दिवशी आपणही असंच म्हणत होतो." त्याचा गाल गवताला टेकला होता. "रडतेय. आडवा हो म्हणाली."

लाउडस्पीकरवरून निवेदक म्हणाला, "मंडळी, दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी एकदा जोरात टाळ्या! उठा रे आता सगळे!" टाळ्या कडाडल्या. नारिंगी, लाल, सगळे अंग झटकत उठले. एकाचा चष्मा हरवला होता, तो बाकीचे शोधू लागले.

बाबा पाण्याची बाटली घेऊन इद्रिसजवळ उकिडवे बसले. "ऊठ, बेटा," ते आपल्या इंग्रजीत म्हणाले. "संपलं."

इद्रिसने डोकं न उचलता फोनवर हात ठेवला.

"ती म्हणतेय, अजून उठू नकोस."