बिघडलेलं मॉड्यूल

“सेन्सरचं मॉड्यूल ठणठणीत हाय,” हंबीरराव मेकॅनिक म्हणाले, आणि आदर्शचं तोंड उतरलं.

गाडीत बिघाड नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक खूश होतं. हा नाही होणार, हे हंबीररावांना ठाऊक होतं. अख्ख्या शिवाजी पेठेला ठाऊक होतं. आदर्शची तीन वर्षांची लेक प्रियदर्शनी घराच्या दारातच, मागे येणाऱ्या या गाडीखाली गेली होती. गाडी आदर्शच मागे घेत होता, असं पेठेत बोललं जात होतं. आता बाप पार्किंग सेन्सरच्या वायरिंगमध्ये दोष शोधत आला होता. हंबीररावांना त्याची कीव आली, आणि रागही आला.

“परत एकदा बघा की. त्या दिवशी वाजलंच नसणार.”

आदर्शनं ड्रायव्हरच्या सीटवरची उशी उचलून बाजूला ठेवली. हंबीररावांनी बसून रिव्हर्स टाकला. मागे कुणीच नव्हतं, तरी गाडी पीं पीं करू लागली. हँडब्रेक ओढून ते मागे गेले. बंपरला लिंबू-मिरची लोंबत होती, नेमकी सेन्सरच्या तोंडावर. त्यांनी दोरा तोडला. आवाज थांबला. ते स्वतः मागे उभे राहिले, तशी गाडी परत ओरडली.

“हे कुणी बांधलंय?”

“आई बांधती. दर शनिवारी.”

“मग त्या दिवशीबी वाजत हुतं, आदर्श. रोजचंच म्हणून कुणी मनावर घेतलं न्हाय. आईला यातलं काय बोलू नगंस. पर उगं मशीनला दोष देऊ नगंस.”

आदर्श त्या सुकलेल्या लिंबाकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मॉड्यूल जळालं हुतं, येवढंच तिला सांगा. तिनं अजून धड घास गिळलेला न्हाय.”

“बायकोशी खोटं बोलायला माझं तोंड पायजे व्हय तुला?”

“पाया पडतो, मामा.” आणि तो खरंच वाकला.

हंबीररावांनी त्याला मधेच धरलं. खोटा बिघाड त्यांनी आजवर कुणाला सांगितला नव्हता. पण पोर तर गेली. निदान नवरा-बायकोचा संसार तरी तगावा.

“लाव स्वप्नालीला फोन. सांगतो.”

आदर्शनं फोन काढलाच नाही. त्यानं हंबीररावांचा हात धरला आणि दुकानाबाहेरच्या बाकावर, पदरात तोंड खुपसून बसलेल्या म्हातारीपुढे त्यांना नेऊन उभं केलं.

“आये, मामा काय म्हणत्यात ऐक. तू गाडी मागं घेतलीस, तवा ते वाजलंच न्हवतं.”