नाव झाकलेली गाडी

“घरातलं कुणी मोटार कंपनीत कामाला नाही ना?” हॉलच्या दारातल्या कॉलीन नावाच्या बाईने विचारलं.

“मुलगी शाळेत जेवण वाढते,” नॉर्बर्टने बेधडक ठोकून दिलं.

डेनीसने आयुष्यात कुणाला जेवण वाढलं नव्हतं. टॉलिव्हर कंपनीच्या कारखान्यात ती पिकअपला दारं बसवायची. निवृत्त होईपर्यंत नॉर्बर्टही तिथेच होता. आता जुनी पिकअप बंद होणार होती आणि हातात नवं काम आलं नाही, तर हिवाळा सरताच कारखान्याला कुलूप लागणार होतं. डेनीसची झोप उडाली होती, आणि तिच्यापायी म्हाताऱ्याचीही.

लॅन्सिंगच्या त्या हॉलमध्ये कुठल्याशा कंपनीच्या नव्या गाडीवर मत विचारायला सगळे पिकअपवालेच बोलावले होते. मोटार कंपन्यांच्या माणसांना मज्जाव होता, आणि फोन दारातच काढून घेतले होते. पडदा ओढला गेला. विजेवरची पिकअप! नाकावर जाळी नाही, खाली धुराची नळी नाही, आणि कंपनीचं नाव काळ्या पट्टीने झाकलेलं.

“हिचं तोंड कुठाय?” कुणीतरी ओरडलं.

“आवाजच नाही म्हणे. मग मी घरी आलो हे बायकोला कळणार कसं?”

“न कळलेलंच बरं!”

हशा पिकला. नॉर्बर्ट मात्र हसला नाही. तो गाडीभोवती फिरत होता. कोपरे गोल, दाराची मूठ पत्र्यात दडवलेली. ही खोड ब्रॅनिगनवाल्यांची, त्याने ओळखलं. ब्रॅनिगन म्हणजे टॉलिव्हरची हाडवैरी कंपनी. जावयाने एकदा ब्रॅनिगनची गाडी घेतली, तर नॉर्बर्टने ती वर्षभर गल्लीच्या टोकाला उभी करायला लावली होती. शिवाय टॉलिव्हरचे साहेब विजेच्या गाड्यांना खेळणी म्हणायचे, हे सगळ्या मिशिगनला ठाऊक होतं.

कॉलीनने बटण दाबलं. मागची फळी अलगद खाली आली, थेट खुर्चीच्या उंचीवर. नॉर्बर्ट तिच्यावर बसला. उठताना गुडघा दुखला नाही. गाडी त्याला आवडली, मनापासून आवडली, आणि म्हणूनच तो धास्तावला. ही बाजारात आली तर टॉलिव्हरचा कारखाना कोण उघडा ठेवणार?

“मला तर बरी वाटतेय,” शेजारचा ड्वेन नावाचा गडी म्हणाला. “गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसतो ना मी, त्या खोपीत हिच्या बॅटरीवर हीटर चालेल.”

“चालेल की,” नॉर्बर्ट म्हणाला. “बॅटरीचं वजन बघितलंस? बर्फ फुटला की मासेच तुला धरतील.”

आजूबाजूचे खो खो हसले. ड्वेनही हसला, पण गाडीपासून दोन पावलं मागे सरला.

मग नॉर्बर्टला चेवच चढला. थंडीत बॅटरीचा जीव अर्धा होतो. मारलेलं हरण मागे लादून रानातून परत निघालात आणि मध्येच बंद पडली, तर ढकलणार कोण? आणि नाव का झाकलंय? लाज वाटते म्हणूनच ना? तो या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरत राहिला. माणसं माना डोलवू लागली.

शेवटी कॉलीनने विचारलं, “ही गाडी कोण घेईल? हात वर करा.”

ड्वेनने आजूबाजूला पाहिलं आणि हात खिशात घातला. एकही हात वर झाला नाही. कॉलीनचा चेहरा पडला.

“काही थोडंफार बदललं तर?”

“बाई, माझ्या अंगणात फुकटसुद्धा उभी करू देणार नाही,” नॉर्बर्ट म्हणाला. टाळ्या पडल्या.

घरी येताना तो शीळ घालत होता. इतक्या महिन्यांनी लेकीसाठी काहीतरी करता आलं होतं. डेनीस त्याच्या स्वयंपाकघरात वाट पाहत होती. तिने धावत येऊन त्याला मिठीच मारली.

“कुठे होतास डॅड? कधीची थांबलेय! आत्ताच युनियनवाल्यांनी सांगितलं. आपल्या साहेबांनी गुपचूप विजेची पिकअप बनवलीय! नाव झाकून आज लोकांना दाखवली म्हणे, लॅन्सिंगला. त्यांना पसंत पडली तर ती आपल्याच कारखान्यात बनणार.” तिचे डोळे भरून आले होते. “तू जन्मभर पिकअपच चालवलीस ना, तूच सांग. आवडली असेल ना रे त्यांना?”